‘एच’च्या खणातील गाणी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी एक सूचना केली होती. पाश्चात्त्य गाण्यांची ओळख वाढवू इच्छिणाऱ्याने रोमन लिपीतील एखादे अक्षर निवडावे, त्या अक्षराने ज्यांचे शीर्षक सुरू होते अशी गाणी शोधावीत आणि काही महिने त्याच अक्षरापाशी राहावे, अशी ती सूचना होती. उदाहरणादाखल मी ‘एच’ हे अक्षर सुचवले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : गाणी शीर्षकाच्या पहिल्या अक्षरावरून निवडणे मला पटत नाही. ग्रंथालयात जाऊन केवळ लाल मुखपृष्ठाची पुस्तके उचलावीत, तसा हा प्रकार वाटतो. संगीत शैलीनुसार किंवा कालक्रमाने ऐकणे अधिक शहाणपणाचे नाही का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ब्लूज ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची गायनशैली म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ब्लूजच क्रमाने ऐकावे. त्या कामी अक्षराचा काहीही उपयोग होणार नाही. परंतु मला ज्यांची पत्रे येतात त्यांतील बहुतेकांची अडचण वेगळी असते. त्यांना गाणी आवडतात, ते रोज ऐकतात, पण गेली दहा वर्षे तीच ऐकतात. याचे कारण असे की, आपल्यासमोर येणारे नवे गाणे आपल्याला आधी आवडलेल्या गाण्यावरून निवडलेले असते. ती निवड मित्राने केलेली असो वा मोबाईलमधील ॲपने, तिच्या मुळाशी साम्य असते, आणि साम्याचे बोट धरून चालणारा माणूस फिरून फिरून त्याच चार कलावंतांच्या दारात येतो. अक्षराला साम्य कळत नाही. त्याला काळ, शैली, भाषा, लोकप्रियता यांपैकी काहीच ठाऊक नसते, आणि नेमक्या याच कारणाने ते आपल्याला अशा गाण्यांपाशी नेऊन उभे करते, ज्यांच्याकडे आपली स्वतःची आवड आपल्याला कधीही घेऊन गेली नसती.

‘एच’चेच उदाहरण घेऊ. ब्रिटनमध्ये विक्रीवर आधारित गाण्यांची पहिली क्रमवारी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी छापली. त्या यादीतील पहिल्या क्रमांकाचे गाणे होते अमेरिकन गायक अल मार्टिनो याचे ‘हिअर इन माय हार्ट’, आणि ते नऊ आठवडे त्या स्थानावर राहिले. आज हे गाणे फारसे कोणी आठवत नाही. ऐकून पाहावे, आवाज अक्षरशः छप्पर भेदणारा आहे, आणि रॉक अँड रोल येण्याच्या अगदी आधी लोकांना गायकाकडून काय हवे होते, ते या एका गाण्यावरून लख्ख कळते. त्याच खणात ‘हे ज्यूड’ आहे. १९६८ साली प्रसिद्ध झालेले बीटल्सचे हे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीतही नऊच आठवडे अग्रस्थानी होते. पॉल मॅकार्टनीने ते जॉन लेननच्या लहान मुलाला, ज्युलियनला, धीर देण्यासाठी रचायला घेतले. त्याच्या आईवडिलांचा संसार तेव्हा मोडत होता. सुरुवातीला शब्द ‘हे ज्यूल्स’ असे होते. सात मिनिटांहून थोड्या अधिक लांबीच्या या गाण्याचा उत्तरार्ध म्हणजे जवळजवळ चार मिनिटे चाललेली एकाच ओळीची आवर्तने आहेत, आणि तरीही ती कंटाळवाणी होत नाहीत. ती का होत नाहीत, याचा शोध कानाने घेण्यासारखा आहे.

येथपर्यंतची दोन्ही गाणी कदाचित आपल्याला अन्य वाटेनेही सापडली असती. परंतु याच अक्षराखाली ‘हायडेनरोझलाइन’ही येते, म्हणजे माळावरचे गुलाबाचे फूल. जर्मन कवी गटे याची ही छोटी कविता फ्रान्झ शूबर्टने १८१५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, स्वरबद्ध केली. मुलगा फूल पाहतो, तोडीन म्हणतो. फूल म्हणते, मी टोचेन. मुलगा तोडतो, फूल टोचते, आणि तरी तोडलेच जाते. तीन कडवी, तिन्हींना एकच चाल, आणि सगळे मिळून दोन मिनिटांच्या आसपास. चाल इतकी निरागस आहे की, तिसऱ्या कडव्यातील क्रौर्य दुसऱ्यांदा ऐकताना ध्यानात येते. ‘हे ज्यूड’ ऐकणाऱ्या कोणाला एखादे ॲप हे गाणे सुचवील, असे मला वाटत नाही. अक्षर मात्र दोन्ही गाणी एकाच खणात ठेवते.

आणि ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ हे नाताळचे स्तोत्र घ्या. चार्ल्स वेस्लीने ते १७३९ साली प्रसिद्ध केले तेव्हा त्याची पहिली ओळ वेगळी होती, तिच्यात देवदूत नव्हते, आकाश दुमदुमते असे म्हटले होते. १७५३ साली जॉर्ज व्हाइटफील्डने ती ओळ बदलली. चाल तर पूर्णपणे निराळ्या ठिकाणाहून आली. फेलिक्स मेंडेलसोनने १८४० साली गुटेनबर्ग आणि त्याची मुद्रणकला यांच्या गौरवासाठी एक समूहगान रचले होते; त्यातील एक भाग उचलून विल्यम कमिंग्ज याने १८५५ साली या स्तोत्राला जोडला. तोवर वेस्ली आणि मेंडेलसोन दोघेही निवर्तले होते. म्हणजे शब्द लिहिणाऱ्याने आणि चाल रचणाऱ्याने, आज जगभर गायले जाणारे हे गाणे त्याच्या आजच्या रूपात कधी ऐकलेच नाही. गंमत अशी की, ओळ बदलली तरी पहिला शब्द ‘हार्क’ हाच राहिला, आणि गाणे ‘एच’च्या खणातून हलले नाही.

लाल मुखपृष्ठाची उपमा म्हणूनच मला अपुरी वाटते. मुखपृष्ठाचा रंग पुस्तकाबद्दल काही सांगत नाही, आणि त्याविषयी विचारण्यासारखेही काही नसते. शीर्षकाबद्दल मात्र विचारता येते की, हे नाव या गाण्याला कोणी दिले, कधी दिले, आणि ते बदलले का. अक्षर शोधू लागलेला माणूस हे प्रश्न विचारायला लागतो, आणि तेथून गाण्याचा खरा इतिहास सुरू होतो.

प्रश्न : मी यादी करायला बसले आणि पहिल्याच दिवशी अडले. अनेक शीर्षकांच्या आरंभी ‘द’ किंवा ‘अ’ असते. काही शीर्षके कंसाने सुरू होतात. ही कोठे लिहावीत?

उत्तर : ग्रंथालयांची जुनी पद्धत पाळावी. इंग्रजी सूचींत शीर्षकाच्या आरंभीची ‘द’, ‘अ’, ‘ॲन’ ही उपपदे अकारविल्ह्यात मोजली जात नाहीत. फ्रेंचमधील ‘ल’ आणि ‘ला’, जर्मनमधील ‘डेर’, ‘डी’, ‘डास’ यांनाही तोच नियम लावावा. त्यामुळे ‘अ हार्ड डेज नाइट’ हे १९६४ सालचे गाणे ‘एच’मध्येच येईल. असे केले नाही, तर आपल्या वहीतील ‘टी’चे पान भरून वाहील आणि त्या गर्दीला काही अर्थ असणार नाही.

विरामचिन्हे सोडून द्यावीत. डेव्हिड बोवीने १९७७ साली काढलेल्या ‘हीरोज’ या गाण्याचे शीर्षक मुळातच अवतरणचिन्हांत छापले जाते, म्हणजे नायक खरे की नावाचेच, असा संशय शीर्षकातच ठेवलेला आहे. वहीत त्याची नोंद ‘एच’खाली करावी, पण अवतरणचिन्हे पुसू नयेत. या गाण्यापाशी थोडे थांबावे, असे सुचवतो. ते पश्चिम बर्लिनमधील हान्सा स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले, आणि त्याच्या खिडकीतून बर्लिनची भिंत दिसत असे. निर्माता टोनी व्हिस्कोंटी याने बोवीच्या समोर एक मायक्रोफोन अगदी जवळ, दुसरा काही अंतरावर आणि तिसरा दालनाच्या दूरच्या टोकाला ठेवला. दूरचे दोन मायक्रोफोन आवाज ठराविक पातळीच्या वर गेल्यावरच उघडत. त्यामुळे बोवी जसजसा मोठ्याने गातो तसतशी त्या प्रशस्त दालनाची घुमणारी पोकळी गाण्यात शिरते, आणि शेवटच्या कडव्यात तो ओरडत असूनही फार दूर एकटा उभा असल्यासारखा वाटतो. हे कानांना हेडफोन लावून ऐकावे.

कंसांचा प्रश्न अधिक अवघड आहे. डोरिस डेचे १९५६ सालचे प्रसिद्ध गाणे सर्वजण ‘के सेरा, सेरा’ या नावाने ओळखतात आणि ‘क्यू’खाली शोधतात, पण त्याचे अधिकृत शीर्षक ‘व्हॉटेव्हर विल बी, विल बी’ असे आहे आणि ‘के सेरा, सेरा’ हे शब्द त्यापुढे कंसात येतात. नियमाने ते ‘डब्ल्यू’मध्ये जाईल. माझा सल्ला असा की, अधिकृत नावाखाली पूर्ण नोंद करावी आणि प्रचलित नावाखाली ‘तेथे पाहा’ एवढी सूचना लिहावी. दुहेरी नोंदींना कंटाळू नये. गाणे एक आणि नावे दोन असतील, तर त्यामागे बहुधा एखादी हकिगत असते.

प्रश्न : मी ही यादी देवनागरीत करतो आणि मला उच्चाराप्रमाणे जावेसे वाटते. ‘ह’ या ध्वनीने सुरू होणारी गाणी असा नियम केला तर चालेल का? अक्षर महत्त्वाचे की ध्वनी?

उत्तर : चालेल, आणि माझ्या मते मराठी श्रोत्याने दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. आपली लिपी उच्चाराला धरून चालते, रोमन लिपी तसे करीत नाही. त्यामुळे या दोन याद्या कोठे जुळतात आणि कोठे फाटतात हे पाहण्यात जो आनंद आहे, तो केवळ रोमन अक्षरांत विचार करणाऱ्याला मिळत नाही.

इंग्रजीपुरते पाहिले तर ‘एच’ आणि ‘ह’ बहुतेक वेळा जुळतात. अपवाद थोडे आहेत. बिली जोएलचे १९७८ च्या अल्बममधील ‘ऑनेस्टी’ हे गाणे ‘एच’ने लिहिले जाते, पण ऐकू येतो तो ‘ऑ’. उलट बाजूला ‘डब्ल्यू’ने लिहिलेली, पण ‘ह’ने उच्चारली जाणारी गाणी आहेत. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचे १९७० सालचे ‘हूल स्टॉप द रेन’, क्वीनचे १९८६ सालचे ‘हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरेव्हर’, लेड झेपेलिनचे १९६९ सालचे ‘होल लॉटा लव्ह’ ही सारी आपल्या देवनागरी यादीत ‘ह’खाली येतील आणि रोमन यादीत कोठेतरी शेवटाकडे जातील. एक लहानशी गोष्ट ध्यानात ठेवावी. रोमन क्रमात ‘एच’ आठवे अक्षर आहे, तर आपल्या वर्णमालेत ‘ह’ जवळजवळ शेवटी येतो. तेव्हा दोन्ही वह्यांत एकच गाणे वेगवेगळ्या टोकांना सापडेल.

इंग्रजीबाहेर पाऊल टाकताच मात्र हा प्रश्न फार रंजक होतो. फ्रेंच आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत ‘एच’ लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. क्यूबाचा गायक कार्लोस पुएब्ला याने क्रांतिकारक चे गव्हेरा याच्या निरोपाच्या पत्राला उत्तर म्हणून १९६५ साली रचलेले ‘आस्ता सिएम्प्रे’ हे गाणे ‘एच’च्या खणात असते, पण गाणाऱ्याच्या तोंडून ‘ह’ निघत नाही.

आणि फ्रेंच गायिका एदित पियाफचे ‘ईम्न आ लामूर’, म्हणजे प्रेमाचे स्तोत्र. याच्या आरंभीही मूक ‘एच’ आहे. शब्द स्वतः पियाफचे, चाल मार्गरीत मोनो हिची. हे गाणे पियाफने आपला प्रियकर, मुष्टियोद्धा मार्सेल सेर्दां, याच्या मृत्यूनंतर शोकात लिहिले, असा समज रूढ आहे. काळाचा क्रम वेगळे सांगतो. तिने ते न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर १९४९ मध्येच गायले होते. सेर्दां तिला भेटण्यासाठी न्यूयॉर्ककडे निघालेला असताना २८ ऑक्टोबर १९४९ रोजी अझोर्स बेटांवर विमान कोसळून मरण पावला, आणि गाण्याचे ध्वनिमुद्रण १९५० साली झाले. गाण्यातील स्त्री म्हणते की, आकाश कोसळले, पृथ्वी खचली तरी मला पर्वा नाही, तू मरण पावलास तरी मला भय नाही, कारण मीही मरेन आणि आपण अनंतात एकत्र असू. हे शब्द तिने तो जिवंत असताना लिहिले होते, आणि ध्वनिमुद्रणात आपण जो आवाज ऐकतो तो ते शब्द खरे झाल्यानंतरचा आहे. हे कळल्यावर गाणे पूर्वीसारखे ऐकू येत नाही. २६ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाची सांगता सेलिन दिऑनने आयफेल मनोऱ्यावरून हेच गाणे गाऊन केली. ती नोंदही त्याच पानावर करावी.

याच चालीला इंग्रजी शब्द मिळाले तेव्हा शीर्षक ‘इफ यू लव्ह मी’ असे झाले, म्हणजे गाणे ‘एच’मधून ‘आय’मध्ये गेले. अनुवादात अक्षर बदलणे हे पाश्चात्त्य गाण्यांत नेहमीचेच आहे. क्लोद फ्रांस्वाचे १९६७ सालचे फ्रेंच गाणे ‘कॉम दाबित्युद’ पॉल अँकाने लिहिलेल्या इंग्रजी शब्दांनिशी १९६९ साली फ्रँक सिनात्राच्या आवाजात ‘माय वे’ झाले, तेव्हा ते ‘सी’मधून ‘एम’मध्ये गेले आणि त्याचा आशयही पार बदलला: मूळ गाण्यात सवयीने थंड पडलेला संसार आहे, इंग्रजी गाण्यात आयुष्याकडे मागे वळून पाहणारा ताठ कण्याचा माणूस. देवनागरी यादी करणाऱ्याने अशा गाण्यांसाठी एक स्वतंत्र पान राखावे.

प्रश्न : मी पंधरा दिवसांत ‘एच’ची शंभरावर गाणी ऐकली. खरे सांगायचे तर त्यांतील पाचही लक्षात नाहीत. माझे काय चुकते आहे?

उत्तर : संख्या चुकते आहे. शंभर शीर्षके गोळा करणे हे यादीचे काम आहे, ऐकण्याचे नव्हे. आठवड्याला एक गाणे पुरे, आणि शक्य असेल तेथे ते दोन आवाजांत ऐकावे. एकाच शीर्षकाखाली दोन ध्वनिमुद्रणे समोरासमोर ठेवली की, कान आपोआप तुलना करू लागतो आणि तुलना केलेली गोष्ट विसरली जात नाही. ‘एच’च्या खणात अशा जोड्या विपुल आहेत, मला प्रिय असलेल्या तीन सांगतो.

पहिली ‘हाउंड डॉग’. जेरी लीबर आणि माइक स्टोलर या एकोणीस वर्षांच्या दोन तरुणांनी हे गाणे बिग मामा थॉर्नटन या गायिकेसाठी लिहिले. तिने ते ऑगस्ट १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केले आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध झाले. तिच्या गाण्यातला कुत्रा हा कुत्रा नाही. घरात ऐतखाऊपणे राहू पाहणाऱ्या पुरुषाला ती बाहेर काढते आहे, आणि तिच्या आवाजातील संथ, भरदार तिरस्कार असा आहे की, त्या पुरुषाला उंबऱ्यावर उभे राहण्याचीही हिंमत होऊ नये. एल्व्हिस प्रेस्लीने १९५६ साली गायलेले रूप दुप्पट आवेशाचे आहे, पण त्यात शब्द बदललेले आहेत, कुत्र्याला ससा पकडता येत नाही एवढीच तक्रार उरली आहे. ढोलांचा मारा आणि गिटारीची धार यांमुळे ते अफाट गाजले. मी दोन्ही ऐकतो. पण कोणी मला एकच ठेवायला सांगितले, तर मी थॉर्नटनचे ठेवीन.

दुसरी जोडी ‘हर्ट’. नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडच्या १९९४ च्या अल्बममधील हे गाणे ट्रेंट रेझनरने लिहिले. स्वतःला इजा करून आपल्याला अजून काही जाणवते का, हे तपासणाऱ्या तरुणाचे ते गाणे आहे, आणि त्याच्या भोवती यंत्रांची खरखर सतत चालू असते. २००२ साली सत्तरीला आलेल्या, आजारी जॉनी कॅशने तेच गाणे गिटार आणि पियानो यांच्या साथीने गायले. एका ठिकाणचा असभ्य शब्द काढून त्याने तेथे काट्यांचा मुकुट आणला. बाकी शब्द तेच. तरुणाने म्हटलेला तोच पश्चात्ताप म्हाताऱ्याच्या तोंडी आला की, त्याचा अर्थ बदलतो, कारण आता दुरुस्तीला वेळ उरलेला नाही. कॅशची ‘जून’ नावाची पत्नी मे २००३ मध्ये गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो गेला.

तिसरे उदाहरण जोडीचे नसून तिघांचे आहे: ‘हालेलूया’. लेनर्ड कोहेनचे हे गाणे १९८४ सालच्या अल्बममध्ये आले, आणि त्याच्या ध्वनिमुद्रण कंपनीने तो अल्बम अमेरिकेत प्रसिद्ध करण्यास सुरुवातीला नकार दिला होता. कोहेनने या गाण्याची कडवी वर्षानुवर्षे लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. जॉन केलने १९९१ साली ते गाताना कोहेनकडून पानेच्या पाने मागवून त्यांतून स्वतः कडवी निवडली, त्यामुळे प्रार्थनेकडे झुकलेले मूळ गाणे अधिक शारीर आणि अधिक दुखावलेले झाले. जेफ बक्लीने १९९४ साली केलचीच मांडणी पुढे नेली आणि ती एका गिटारीवर, श्वास रोखून धरल्यासारखी गायली. कोहेन, केल, बक्ली याच क्रमाने तीन दिवशी तीन ऐकावीत, एका बैठकीत ऐकू नयेत.

प्रश्न : मी मुद्दाम ‘एक्स’ हे अक्षर घेतले आणि पहिल्याच आठवड्यात गाणी संपली. अक्षर बदलू का?

उत्तर : बदलण्यापूर्वी ‘झॅनाडू’ या एका शीर्षकाची दोन गाणी ऐकली आहेत का, ते पाहावे. एक रश या कॅनडाच्या बँडचे १९७७ सालचे, सुमारे अकरा मिनिटांचे. दुसरे ऑलिव्हिया न्यूटन-जॉन आणि इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा यांचे १९८० सालचे, नाचायला लावणारे. नाव दोन्हींकडे इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेतूनच आले आहे. त्यानंतर ‘झेड’कडे जावे, तेथे क्रॅनबेरीज या आयर्लंडच्या बँडचे १९९४ सालचे ‘झॉम्बी’ आहे. इंग्लंडमधील वॉरिंग्टन येथे मार्च १९९३ मध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांत दोन लहान मुले दगावली, त्यानंतर बँडची गायिका डोलोरेस ओरिऑर्डन हिने ते लिहिले. उच्चारात दोन्ही अक्षरे ‘झ’च आहेत, तेव्हा आपल्या देवनागरी वहीत ती एकाच पानावर राहतील.

प्रश्न : ॲपमध्ये एखादे अक्षर टाकले की, केवळ सध्या गाजत असलेली गाणी वर येतात. जुनी आणि अपरिचित गाणी शोधण्याचा मार्ग कोणता? आपण ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’चा उल्लेख केला होता, ते नेमके कोणाचे गाणे आहे आणि कोणते ध्वनिमुद्रण आधी ऐकावे?

उत्तर : शोध ॲपमध्ये सुरू करू नये, तेथे शेवटी जावे. सुरुवात छापील गीतसंग्रहांच्या शेवटी असलेल्या शीर्षकसूचीपासून करावी. अशा संग्रहांत अनेकदा दोन सूची असतात, एक शीर्षकांची आणि एक पहिल्या ओळींची, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. मराठीत गाण्याची पहिली ओळ हेच बहुधा त्याचे नाव असते. पाश्चात्त्य गाण्याचे नाव पुष्कळदा ध्रुवपदातून घेतलेले असते, आणि कधी कधी तर ते गाण्यात कोठेच नसते. १९५५ सालच्या ‘अनचेन्ड मेलडी’ या गाण्यात ‘अनचेन्ड’ हा शब्दही येत नाही आणि ‘मेलडी’ही येत नाही, ते नाव ज्या चित्रपटासाठी गाणे झाले, त्या चित्रपटावरून आले आहे. दुसरे साधन म्हणजे जुन्या क्रमवाऱ्या: ब्रिटनची नोव्हेंबर १९५२ पासूनची आणि अमेरिकेची बिलबोर्ड हॉट १०० ही ऑगस्ट १९५८ पासूनची. वर्ष निवडून यादी वाचावी, आपल्या अक्षराची शीर्षके टिपावीत, आणि मग ती एकेक करून ॲपमध्ये पूर्ण नावाने शोधावीत.

लोकगीतांसाठी मात्र सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे राउड यांची लोकगीतसूची. स्टीव्ह राउड या इंग्रज ग्रंथपालाने इंग्रजी भाषेतील पारंपरिक गाण्यांना क्रमांक दिले, म्हणजे एकच गाणे वेगवेगळ्या गावी वेगवेगळ्या नावांनी गायले जात असले तरी त्याचा क्रमांक एक राहतो. लंडनमधील व्हॉन विल्यम्स स्मृतिग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ती खुली आहे. आपण विचारलेल्या गाण्याचा क्रमांक ६३९३ आहे. ते कोणा एकाचे नाही; ते पारंपरिक आहे.

ऐकण्याचा क्रम मी असा सुचवीन. प्रथम क्लॅरन्स ॲशली आणि ग्वेन फॉस्टर यांचे १९३३ सालचे ध्वनिमुद्रण, ज्याचे शीर्षक ‘रायझिंग सन ब्लूज’ असे आहे. नंतर जॉर्जिया टर्नर या सोळा वर्षांच्या मुलीचे. ती केंटकी राज्यातील मिडल्सबरो येथील खाणकामगाराची मुलगी, आणि संग्राहक ॲलन लोमॅक्स याने १९३७ साली तिचा आवाज टिपला. सोबत एकही वाद्य नाही. त्यानंतर बॉब डिलनच्या १९६२ सालच्या पहिल्या अल्बममधील रूप ऐकावे. त्याची मांडणी त्याने डेव्ह व्हॅन रॉन्क या लोकगीत गायकाकडून घेतली होती. अखेरीस ॲनिमल्स या ब्रिटिश बँडचे १९६४ सालचे, चार मिनिटांहून मोठे, ऑर्गनने व्यापलेले रूप.

ऐकताना कथा कोण सांगते आहे, याकडे लक्ष ठेवावे. ॲशलीच्या गाण्यात ‘रायझिंग सन’ नावाच्या त्या घराने उद्ध्वस्त झालेला मुलगा आहे. टर्नर गाते तेव्हा कथा सांगणारी मुलगी असते. डिलन पुरुष असूनही मुलीच्याच तोंडचे शब्द तसेच गातो. आणि ॲनिमल्स पुन्हा मुलगा आणतात. चार ध्वनिमुद्रणांत बोलणारा तीनदा बदललेला नाही, दोनदाच बदललेला आहे, आणि डिलनने तो बदलला नाही ही माझ्या लेखी त्या ध्वनिमुद्रणातील सर्वांत धाडसाची गोष्ट आहे. लोमॅक्सने १९४१ सालच्या संग्रहात हे गाणे छापले तेव्हा तेही ‘रायझिंग सन ब्लूज’ याच नावाने, तेव्हा आपल्या वहीत ‘एच’च्या पानावर पूर्ण नोंद करून झाल्यावर ‘आर’च्या पानावरही या गाण्यासाठी एक ओळ मोकळी ठेवावी.